डॉक्टर मॅडम, तुम्ही बाबांना विचारलं म्हणून

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

बाबा आता काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी संडासला जातात. ही गोष्ट सर्वांत आधी तुम्हाला कळावी म्हणून लिहितो आहे.

ऐन कापूस वेचणीत दुखणं उठलं. "पाठीत विळा मारल्यावानी झालं रे," एवढं बोलून ते धुऱ्यावर बसले. कधी हू की चू न करणारा माणूस कण्हत होता. तरी आधी जिथं नेलं तिथं कोणी धड हात लावून पाहिलं नाही. एकाने खुर्चीवरूनच चमक भरली म्हणून इंजेक्शन ठोकलं. दुसऱ्याने एक्स-रे उजेडात धरला आणि हाडं चांगली आहेत, नाटकं नको म्हणाला. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे, हे मी सांगतच होतो. ऐकतो कोण? तो राग अजून गेलेला नाही, मॅडम.

ग्रामीण रुग्णालयात तुम्ही बाबांना डोळे मिटायला लावले आणि मातीने भरलेल्या पायांची बोटं एकेक करून हलवली. "काका, आता कोणतं बोट?" त्यांना सांगता येईना. मग तुम्ही बहिणीला आणि माझ्या बायकोला बाहेर पाठवलं, पडदा ओढला, कानाशी वाकून विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?" बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "सकाळपासून नाही झाली, माय." लेकी-सुनांसमोर त्यांनी हे मरेपर्यंत सांगितलं नसतं. मलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही त्यांची लाज राखली, आणि तिथंच आजार हाती लागला.

रक्त पातळ करायच्या गोळीमुळे कधी मणक्यात रक्तस्राव होतो, साचलेलं रक्त मज्जारज्जू दाबतं, साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयच लागतो, हे आम्हाला काय माहीत! पायांतली ताकद जायला लागली की १२ तासांच्या आत दाब निघालेला बरा, म्हणून तुम्ही लगेच १०८ बोलावली, नागपूरला स्वतः फोन लावला. ऑपरेशन वेळेत झालं.

आता गावात अशी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: पाठ अचानक भयंकर दुखली, पाय बधिर झाले, लघवी अडली, तर मालिश करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

रात्रपाळीत, बाहेर रांग लागलेली असताना, अनोळखी म्हाताऱ्याशी इतक्या मायेने बोलणारी माणसं सरकारी दवाखान्यात आहेत, हे लोकांना कळलं पाहिजे.

तूर निघाली की घरची डाळ घेऊन येतो. बाबा म्हणतात, मीच येतो द्यायले. नाही म्हणू नका.

तुमचा,
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा