आयझॅक हेज : आवाजामागचा रचनाकार

संपादक महोदय,
सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारावर लिहिताना गायक-संगीतकार आयझॅक हेज यांचा उल्लेख ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या शीर्षकगीताला मिळालेल्या ऑस्करपुरताच होतो, याचं वाईट वाटतं. १९४२ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या कव्हिंग्टनमध्ये जन्मलेले हेज मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीत आधी वादक आणि गीतकार होते. डेव्हिड पोर्टर यांच्यासह त्यांनी सॅम अँड डेव्ह या गायकजोडीसाठी ‘सोल मॅन’ हे गाणं रचलं.

१९६८ मध्ये वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीशी स्टॅक्सचे संबंध तुटले आणि तिची जुनी ध्वनिमुद्रणं हातची गेली. ती पोकळी भरायला एकदम २७ अल्बम काढायचं ठरलं. त्यातलाच ‘हॉट बटर्ड सोल’ (१९६९). गाणी फक्त चार, त्यातलं एक १८ मिनिटांहून मोठं! त्यात ऑर्गनचा एकच सूर धरून हेज कितीतरी वेळ नुसते बोलतात, मग गातात. तीन मिनिटांच्या रेडिओगाण्यांच्या काळात हे मोठं धाडस होतं.

‘शाफ्ट’च्या शीर्षकगीतातही (१९७१) दोन मिनिटांहून अधिक काळ गाणाऱ्याचा आवाज येतच नाही. आधी हाय-हॅटवर (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीवर) एका मात्रेत चार ठोके, त्यावर चार्ल्स पिट्स यांची वा-वा पेडलवरची (पायाने सूर ‘वा-वा’ असा बदलणाऱ्या उपकरणावरची) गिटार, मग तंतुवाद्यं आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं). १९७६ मध्ये हेज यांचं दिवाळं निघालं तरी ते थांबले नाहीत. २००८ मध्ये मेम्फिसमध्येच गेले.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र त्यांची गाणी ऐकू नका. २०० हर्ट्झखालचे खर्जातले स्वर तिथे जवळजवळ गळतात आणि हेज यांच्या आवाजाचा पायाच नेमका त्याखाली आहे. चांगले हेडफोन लावा.

– एक वाचक, ठाणे