पुढच्या 90 दिवसांसाठी

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

कपडेखरेदी थांबवायची म्हणतोस, तर आजपासून नको, 1 डिसेंबरपासून थांबव. तिथपासून 28 फेब्रुवारीपर्यंत बरोबर 90 दिवस होतात. त्यात वर्षअखेरचे सेल, संक्रांत, 26 जानेवारीच्या ऑफर आणि लग्नसराई, सगळंच येतं. मोह नसलेले महिने निवडले तर सवय कुठे आहे ते कळतच नाही. फक्त ‘उद्यापासून बंद’ म्हणून 30 नोव्हेंबरच्या रात्री कार्ट भरू नकोस. पुष्कळांची बंदी सुरू होण्याआधीच तिथे फसते.

तोवर मोजणी करून टाक. कपाटातलं, बॅगेतलं, धुवायच्या ढिगातलं, इस्त्रीवाल्याकडचं, सगळं पलंगावर काढ. शर्ट, टी-शर्ट, पँट, कुर्ते, बूट असे आकडे लिही. परत लावताना सगळे हँगर उलटे अडकव, हुकाचं तोंड आपल्याकडे. कपडा वापरून, धुऊन आला की तो हँगर सुलटा करायचा. घडीचे कपडे असतील तर धुतलेले नेहमी वर ठेव, म्हणजे न वापरलेले आपोआप तळाला जातात.

मग बँकेचं आणि कार्डाचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढ. कपडे आणि बुटांचा खर्च बेरीज कर, परत आलेले पैसे वजा कर, सहाने भाग. समजा 4,200 आले, तर तेवढ्याचीच आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव) काढ आणि हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी लाव. आरडी बहुतेक बँकांत किमान सहा महिन्यांची असते, म्हणजे बंदी संपल्यावरही तीन हप्ते जातील. बरंच आहे ते. पैसे खात्यात नुसते पडून राहिले तर कपड्यांचे वाचलेले हेडफोनवर जातात. घड्याळ, परफ्यूम, मोबाइलची कव्हरं हेही याच सवयीचे भाऊबंद, त्यामुळे तेही बंदीत धर.

बंदीतून सूट कशाकशाला, हे आधीच लिहून ठेव: आतले कपडे, मोजे, आणि फाटून दुरुस्त न होणारी रोजची वस्तू, एकास एक. यादीत नसलेलं ‘गरजेचं’ निघालं तर सात दिवस थांब. संक्रांतीला काळा कुर्ता हवा असेल तर मोजणीत तुझ्याकडे किती काळे कपडे निघतात ते आधी बघ.

खरं काम फोनवर आहे. खरेदीची ॲप नुसती लपवू नकोस, काढून टाक. त्याआधी त्यांतली साठवलेली कार्डं, यूपीआय आणि ‘नंतर पैसे द्या’ची सोय बंद कर. वॉलेटमध्ये अडकलेला परतावा बँकेत वळवता येत असेल तर वळव, कारण वॉलेटमधला पैसा डोक्यात आधीच खर्च झालेला असतो. प्रचाराचे मेसेज बंद करायला 1909 वर ‘स्टार्ट 0’ असा एसएमएस पाठव (पहिला शब्द रोमन लिपीत). ‘फक्त 2 शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ यांना घाबरायचं कारण नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला ज्या 13 फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत खोटी घाई लावणं आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी घुसवणं या दोन्ही आहेत. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर करता येते.

काही घ्यावंसं वाटलं की वहीत एक ओळ लिही: वेळ, वस्तू, किंमत आणि त्याच्या आधी तू काय करत होतास. शेवटचा रकाना चुकवू नकोस, सगळी वही त्याच्यासाठी आहे. रात्री अकरानंतर, पगाराच्या आठवड्यात, ऑफिसात बोलणी खाल्ल्यावर, कंटाळवाण्या मीटिंगमध्ये, यांपैकी तुझं कुठलं ते पंधरा-वीस ओळींत दिसेल. ते कपड्यांचं दुखणं नसतंच, त्यामुळे कपड्याने बरंही होत नाही. रात्रीचं असेल तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. मध्येच एखादी खरेदी झालीच तर तीही वहीत लिही आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चल. पहिल्यापासून मोजायला बसलास तर आठवडाभर ‘आता मोडलंच आहे’ चालू राहतं.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आरडीआधी ती फेड. ‘किमान रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं, आणि पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

मोजणीत काही कपडे किरकोळ कारणाने पडून असलेले निघतील. झिजलेली कॉलर शिंप्याकडून उलटून घे. फॉर्मल पँटला मागच्या शिवणीत बहुधा इंचभर कापड असतं, तेवढी कंबर सैल होते. रेडिमेड शर्ट मात्र आत घेता येतो, सोडता येत नाही, त्यामुळे घट्ट झालेले देऊन टाक.

1 मार्चला उलटे राहिलेले हँगर मोज आणि वही वाच. त्यातली जी वस्तू अजूनही आठवते, तेवढीच घ्यायची. किमतीला अंदाजे वापरांनी भाग: 2,400 चा शर्ट 60 वेळा घातलास तर 40 रुपये पडतात, 700 चा टी-शर्ट दोनदा घातलास तर 350.

बटणांची डबी आणि सुईदोरा पार्सलमध्ये ठेवला आहे. दोरा दुहेरी घे, आणि बटणाखाली आगकाडी धरून टाके घाल, म्हणजे काजात बसायला जागा राहते.

– आई