नको असलेल्या विंडोजचे पैसे कोण परत देणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कॉलेजच्या अॅडमिशन सुरू झाल्या की खानापूर, निपाणीपासून पालक पोरांना घेऊन बेळगावात लॅपटॉप घ्यायला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या मुलाला इंजिनिअरिंगला उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) लागतं, ते फुकट मिळतं, म्हणून विंडोज नसलेला लॅपटॉप द्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो या मॉडेलमध्ये तसा येतच नाही. घेतला. बिल बघितलं तर एकच ओळ, लॅपटॉप 1 नग, खाली 18 टक्के जीएसटी. आत विंडोज किती रुपयांचं, ऑफिस किती, अँटीव्हायरस किती, काही पत्ता नाही (तो अँटीव्हायरस तर मुदत संपली की रोज स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन पैसे मागतो).

आता गंमत बघा. लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की विंडोजचा करार समोर येतो, त्यात लिहिलंय की अटी मान्य नसतील तर वापरू नका आणि परत करायचं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला विचारा, त्यांच्या नियमाप्रमाणं रिफंड मिळेल. म्हणजे हे वाचायला खोकं फोडायला पाहिजे, आणि खोकं फोडलं की दुकानदार हात वर करतो. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला (कुठल्या भाषेला कुठला आकडा दाबायचा तो विषय आज काढत नाही) तर बाई म्हणाल्या नुसत्या विंडोजचे पैसे मिळत नाहीत, अख्खा लॅपटॉप परत करा. आणि लॅपटॉप परत घ्यायचा तर सील फुटलेलं चालत नाही. घ्या!

भांडण जुनंच आहे. 15 फेब्रुवारी 1999 ला कॅलिफोर्नियात लिनक्सवाले न वापरलेल्या विंडोजचे पैसे मागायला थेट मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवर गेलेले. इटलीच्या सुप्रीम कोर्टानं 2014 साली गिऱ्हाइकाच्या बाजूनं निकाल दिला. 2016 ला युरोपियन कोर्टानं मात्र सॉफ्टवेअरची किंमत वेगळी दाखवली नाही म्हणून ती काय फसवणूक होत नाही असं सांगितलं, ते मला बिलकुल पटलेलं नाही. किंमतच माहीत नसेल तर माणूस परत मागणार तरी किती?

आपल्याकडं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यायलाच पाहिजे अशी अट घालणं ही प्रतिबंधक व्यापार प्रथा धरलीय. लॅपटॉपला ते लागू होतं का हे ग्राहक आयोगच ठरवणार, पण तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे बेळगावातच, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा. आणि पैसे देण्याआधी दुकानात डॉसवाला (म्हणजे विंडोज न घातलेला) किंवा उबंटूवाला मॉडेल आहे का हे विचाराच, काही कंपन्या काढतात, दुकानदार आपणहून सांगत नाहीत. दुकानदारांनीही बिलात सॉफ्टवेअरची ओळ वेगळी दाखवायला कंपन्यांच्या मागं लागावं, शिव्या शेवटी त्यांनाच पडतात.

आपल्या भागात कुणाला असे पैसे परत मिळाले असतील तर या सदरात कळवा, कुठल्या मेलवर काय लिहिलं ते पण सांगा.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव