दहिसर नदीच्या भिंतीवर नदी रेखाटणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तोंडी आभार मानले की ‘काम मुलांनी केले’ असे सांगून आपण विषय बदलता, म्हणून बोरिवलीच्या आम्हा नदीकाठच्या रहिवाशांच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. काम मुलांनी केले हे खरेच. पण त्यांना नदीकडे पाहायला आपण शिकवलेत, आणि त्यांच्यामागोमाग आम्हीही शिकलो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयानंतर मुंबईतील नद्यांच्या काठाने जागोजागी काँक्रीटच्या संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरात त्या दिवशी पाणी शिरले होते, त्यांना भिंत हवी होती आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र भिंतीमुळे नदी दिसेनाशी झाली, आणि जे दिसत नाही त्यात कचऱ्याची पिशवी भिरकावताना कोणाचाही हात अडखळत नाही. त्याच भिंतीवर मोर, कमळे आणि सुविचार रंगवून द्यावेत, अशी विनंती घेऊन आम्ही आपल्याकडे आलो होतो. आपण शांतपणे ऐकून घेतलेत आणि भिंतीमागे जी नदी आहे तीच भिंतीवर काढू, असे सुचवलेत.

त्यासाठी आपण मुलांना आधी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेलेत. १८७९ साली बांधून पूर्ण झालेल्या तुळशी तलावापाशी आपली नदी उगम पावते आणि जेमतेम बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते, हे काठावर आयुष्य काढलेल्या आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हते. याच उद्यानातील कान्हेरी लेण्यांच्या बौद्ध भिक्षूंनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात खोदलेल्या पोढीही आपण मुलांना दाखवल्यात, कारण याच डोंगरात पाण्याची किती निगुतीने जपणूक होत असे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे अशी आपली इच्छा होती.

त्यानंतर आपण जे केलेत, ते मी कधी विसरणार नाही. उद्यानातून, गोठ्यांच्या खालच्या बाजूने, कपडे धुण्याच्या जागेपाशी आणि वस्तीतील गटार जिथे नदीत उतरते तिथून मोठ्या माणसांनी काचेच्या बाटल्यांत पाणी भरून आणले. आपण त्या बाटल्या पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवल्यात आणि प्रत्येक पाण्याचा रंग पॅलेटवर हुबेहूब जुळवायला मुलांना सांगितलेत. उद्यानातील पाण्यामागे कागद पांढराच दिसत होता. गोठ्याखालच्या पाण्यासाठी एक मुलगी हिरव्यात तपकिरी मिसळत राहिली, मग तिने त्यात काळ्याचा थेंब टाकला, तरी रंग जमेना. आपण तिला मदत केली नाहीत, फक्त बाटली उन्हात सरकवून दिलीत. शेवटी रंग जुळला तेव्हा ती इतकेच म्हणाली, “सर, यात मासे कसे राहणार?” प्रदूषणावरील कोणत्याही निबंधाने हा प्रश्न तिच्या मनात उभा केला नसता, असे मला ठामपणे वाटते.

भिंतीवर नदी उतरली ती याच रंगांनी. उगमाकडचा भाग उद्यानातील पाड्यावरच्या वारली चित्रकार ताईंनी गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढला. शहरातील चित्रकाराला जे मानधन दिले असते तेच त्यांना मिळावे आणि भिंतीवर त्यांचे नाव असावे, असा आग्रह आपण धरलात. आदिवासी कला फुकट किंवा निनावी वापरण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की त्या आग्रहाबद्दल आपले वेगळे आभार मानायला हवेत. खाडीकडच्या टोकाला मुलांनी तिवरांची मुळे, पाणकावळे आणि कोळ्यांच्या होड्या काढल्या. मधल्या लांब पट्ट्यात जिथे जिथे सांडपाणी नदीत येते, तिथे तिथे त्या त्या पाण्याच्या रंगाचे वर्तुळ आले.

हे चित्र नकाशा म्हणून उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटले नव्हते. ‘नदी घाण झाली आहे’ अशा मोघम तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे करत होतो. आता वर्तुळांचे छायाचित्र जोडून, कोणत्या ठिकाणी कसले पाणी येते हे नेमके लिहून अर्ज देता येऊ लागले. काही ठिकाणचे सांडपाणी मलनिःसारण वाहिनीला जोडले गेले आहे, बरीच कामे बाकी आहेत. जोडणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वर्तुळ पुसायचे नाही, हा आपला नियम मुले आमच्यापेक्षा कसोशीने पाळतात. गणपतीच्या आधी आपण घेतलेल्या शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळेमुळे आमच्या इमारतीतील काही घरांनी प्लास्टरची मूर्ती आणणे बंद केले, तेही येथे नोंदवले पाहिजे.

यंदा पावसाळ्यापूर्वी भिंतीचा खालचा भाग पुन्हा रंगवायचा आहे. रंगांचा खर्च सोसायट्यांनी वाटून घेतला असून, बाटल्या भरून आणण्याची जबाबदारी या वेळी आम्ही पालकांनी उचलली आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आपल्याला फार वेळ उभे राहता येत नाही, म्हणून भिंतीसमोरच्या करंजाच्या सावलीत खुर्ची ठेवू. रंग बरोबर जुळले आहेत की नाहीत, हे आपणच येऊन पाहावे, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
नदीकाठचा एक पालक