मेस्त्रीकाका, आमच्या बॅटी तुमच्यामुळे अजून खेळतायत

तीर्थस्वरूप मेस्त्रीकाकांस,
सा. न. वि. वि.

मालवणापासून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की प्रत्येक वाडीत भातकापणीनंतर मळ्यात खेळपट्टी तयार होते, आणि प्रत्येक वाडीत कोणाच्या ना कोणाच्या पडवीत तडा गेलेली एक तरी बॅट पडलेली असते. आमच्या वाडीतल्या बॅटींना तुम्ही हात लावलात आणि हात लावताना तो कसा लावायचा हेही पोरांना दाखवलंत. पैसे घेतले नाहीत. ‘पत्रात माझं कौतुक करू नका, काम लिहा, दुसऱ्याला उपयोगी पडेल,’ असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून हे आभार जाहीरपणे आणि कामाच्याच भाषेत मांडतो आहोत.

सगळ्यात मोठे आभार तडा वाचायला शिकवल्याबद्दल. गोंद कुठला, पट्टी कुठली हे सगळे विचारतात. तुम्ही आधी बॅट उजेडात धरून विचारलंत, ‘हा नसेबरोबर चाललाय की नस तोडून?’ विलोच्या, म्हणजे बॅटच्या लाकडाच्या, पात्यावर वरून खाली ज्या रेषा दिसतात, त्यांच्या बाजूबाजूने गेलेली भेग घरी सांधता येते, कारण तंतू तुटलेले नसतात, नुसते एकमेकांपासून सुटलेले असतात. रेषांना आडवी गेलेली भेग म्हणजे तंतूच तुटले. तिथे कितीही गोंद ओता, पहिल्या जोरदार फटक्याला ती पुन्हा उघडते. नवीन बॅट ठोकून तयार करताना पुढच्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा पडतातच. त्यांना पॉलिश पेपर आणि तेल पुरे, त्यात गोंद भरत बसायचं नाही. भेगेच्या टोकाशी पेन्सिलची खूण करून आठवडाभर खेळायचं आणि भेग खुणेच्या पुढे सरकली का ते पाहायचं, ही तुमची युक्ती आता वाडीतल्या लहान पोरांनाही माहीत आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फुटतं ते बॅटचं बूड. कारणं तुम्ही समोर ठेवलीत तेव्हा कळली. यॉर्कर आणि जमिनीवर आपटणं ही अर्धी गोष्ट. बाकी अर्धी ओल. बुडाशी लाकडाच्या नसांची तोंडं उघडी असतात, तिथून पाणी वर चढतं, लाकूड फुगतं, आणि मग उन्हात कातळावर खेळताना पटकन सुकून आकसतं. या फुगण्या-आकसण्यात नसा सुटतात. त्यामुळे सारवलेल्या जमिनीवर बॅट उभी ठेवणं हा तिचा घात आहे. चुलीवरच्या माळ्यावर ठेवणं त्याहून वाईट, तिथे लाकूड जास्तच कोरडं पडतं आणि ठिसूळ होतं. भिंतीला दोन खुंट्या मारून आडवी ठेवा, वारा लागू दे, ऊन नको.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, खेळलेल्या बॅटीचं दुखणं निराळं. भेगेत वाळूचा एक कण राहिला तरी तो पाचरीसारखा अडकतो आणि शिकंजा (लाकूड दाबून धरायचा क्लॅम्प) कितीही आवळला तरी भेग मिटत नाही. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. म्हणून आधी कोरड्या टूथब्रशने भेग झाडायची, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची, आणि सावलीत निदान तीन-चार दिवस सुकू द्यायची. पावसाळ्यात आठवडा. घाई करून ओल्या लाकडात गोंद घातला तर तो तंतूंत शिरत नाही, आणि पुढे लाकूड सुकून आकसलं की जोड उघडतो.

आता सांधायचं काम. जुनी टेप आणि पुढचा प्लॅस्टिकचा कागद हेअर ड्रायरने हलका गरम करून रेषांच्या दिशेने सोलायचा. थंडच ओढला तर विलोचे तंतू बरोबर निघून येतात. कडेला राहिलेला चिकटा खरवडायचा. भेगेत आधी कोणी फेविक्विक घातलं असेल तर ते काढणं गरजेचं, कारण त्याचा काचेसारखा थर लाकडाची तोंडं बुजवतो आणि पुढचा गोंद मुरत नाही. शिवाय ते वाळल्यावर ठिसूळ असतं, चेंडूच्या धक्क्याला तडकतं. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन ते मऊ करायचं, खरवडायचं, पुन्हा सुकवायचं. हे काम उघड्यावर, चुलीपासून लांब.

गोंद साधा पांढरा लाकडाचा, आणि किनाऱ्यावरच्या हवेसाठी पाणी सोसणारा मरीन प्रकारचा. दहा भाग गोंदात जास्तीत जास्त एक भाग पाणी, म्हणजे तो खोलवर जातो. याहून पातळ केला तर ताकद जाते. आठ-दहा सेंटिमीटरच्या भेगेला दोन-तीन मिलिलिटर पुरतो. बांबूची पातळ सळी घालून भेग जेमतेम उघडायची, आहे त्याच्या पुढे फाटू द्यायची नाही. मग जाड सुईच्या सिरिंजने गोंद सोडायचा, भेगेत दोरा घालून करवतीसारखा पुढेमागे ओढायचा, आणि बूड हातांनी अगदी हलकं वाकवून सोडायचं. प्रत्येक वेळी भेग गोंद आत ओढून घेते. दुसऱ्या बाजूने गोंद डोकावला की समजायचं, पोचला. तोवर थांबायचं नाही. आमच्या मते अख्ख्या दुरुस्तीत ही पाच मिनिटंच खरी, बाकी सगळं त्यांच्या रक्षणासाठी.

शिकंजे पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर दोन, भेग लांब असेल तर तीन. जबडा आणि बॅट यांच्यामध्ये प्लायवूडचा तुकडा, आणि त्याखाली दुधाच्या पिशवीचा कागद, नाहीतर प्लायच बॅटीला चिकटतो. गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की आवळणं थांबवा. विलो मऊ असतो, जास्त दाबला तर लाकूडच चेपतं आणि सगळा गोंद बाहेर पिळला जाऊन जोड उपाशी राहतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. ज्यांच्याकडे शिकंजा नाही त्यांच्यासाठी तुम्ही दाखवलेली सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी! ताणून एकावर एक पाच-सहा वेढे घेतले की दाब सगळीकडून सारखा पडतो, आणि बुडाच्या गोल कडेला तर तो शिकंज्यापेक्षा चांगला बसतो. कोरड्या दिवसांत चोवीस तास, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. बाहेरच्या गोंदाचा एक थेंब मुद्दाम ठेवायचा आणि नखाने दाबून पाहायचा. नख रुतलं तर आत अजून ओलं आहे.

लोखंडी खिळा मारायचा नाही हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की ते इथे लिहिलंच पाहिजे. खिळा नसा फाडत जातो, खाऱ्या हवेत गंजतो, गंजून फुगतो, आणि डोकं वर आलं तर चेंडूही कापतो. कडेची भेग खोल असेल तर तीन मिलिमीटरच्या ड्रिलने भेगेला आडवं भोक, त्यात सुक्या बांबूची तेवढ्याच जाडीची खुंटी गोंदात बुडवून, आणि वरचं टोक करवतीने सपाट. पण हे हात बसल्यावर. भोक तिरकं गेलं तर बॅट गेली.

मग पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने: १२० नंबर, २४०, शेवटी ४००. भेग मिटल्यावर राहिलेल्या खळग्यात विलोचाच भुसा गोंदात कालवून भरता येतो, पण तो फक्त पृष्ठभाग सारखा करतो, ताकद देत नाही. ताकद दोऱ्याची. जाळी विणायचा पिळाचा नायलॉन दोरा आपल्याकडे कुठेही मिळतो. तंगूस, म्हणजे मासेमारीचा एकसंध प्लॅस्टिकचा दोरा, नको, तो गुळगुळीत असल्याने गोंद धरत नाही आणि घसरतो. पातळ गोंद फासून त्यावर दोऱ्याचे वेढे एकमेकांना खेटून घ्यायचे, भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत. सुरुवातीचं टोक वेढ्यांखालीच दाबायचं. शेवटच्या आठ-दहा वेढ्यांखाली वेगळ्या दोऱ्याचा फासा ठेवायचा आणि शेवटचं टोक त्यातून ओवून आत खेचून घ्यायचं. गाठ मारायची नाही, ती टेपखाली उचलते.

तेलाची वेळ यानंतर. गोंदाच्या आधी तेल लागलं तर लाकूड गोंद धरत नाही. जवसाचं कच्चं तेल, अख्ख्या पात्याला एक चहाचा चमचा, दांड्याचा सांधा आणि दोरा सोडून. बॅट पुढची बाजू वर करून चोवीस तास आडवी ठेवायची. घरात खोबरेल असतं म्हणून पोरं ते लावतात. काका, तुमचं कारण आम्ही सगळ्यांना सांगतो: जवसाचं तेल हवेत सुकून थर धरतं, खोबरेल कधीच सुकत नाही, नुसतं आत मुरून बॅट जड आणि बोदी करतं. तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नये, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. दोन दिवसांनी पातं कोरडं पुसून फायबर टेप. बुडाला रबर लावायचं तर फेविबाँड हा रबराचा गोंद दोन्ही बाजूंना, दहा-पंधरा मिनिटं थांबून तो हाताला चिकटत नाहीसा झाला की रबर दाबायचं. नियमांप्रमाणे स्पर्धा असेल तर पात्यावरचं आवरण एक मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि बुडावरचं तीन मिलिमीटरपेक्षा. दोरा बारीक निवडायचा तो म्हणूनच.

दुरुस्त केलेली बॅट लगेच मैदानात न्यायची नाही. लाकडी ठोकणीने हलक्या हाताने सुरुवात, दुरुस्तीच्या जागी शेवटी. आवाज भरीव आला तर जोड बसला. झणझण आली तर आत पोकळी आहे, पुन्हा पहिल्यापासून.

आणि ज्या बॅटींना तुम्ही नाही म्हणालात त्यांच्यासाठीही आभार. सांध्याशी दांडा हलत होता, मूठ पिळली की करकर वाजत होती. त्यावर पट्ट्या गुंडाळून खेळलं असतं तर पातं निसटून कोणाच्या तोंडावर गेलं असतं. नवा दांडा बसवायला सांध्याची खाच अचूक कापावी लागते, पटाशीला धार आणि हाताला वर्षं लागतात. भात झोडून झालं की त्या दोन बॅटी आणि मागवून ठेवलेले वेताचे तयार दांडे घेऊन आम्ही तुमच्या कारखान्यात येतो. खाच तुम्ही कापा, आम्ही समोर बसून बघू. तुमचे दोन शिकंजे आमच्याकडे राहिले आहेत, ते तेल देऊन बरोबर आणतो.

आपले नम्र,
वाडीतली खेळणारी सगळी पोरं आणि त्यांचे आईवडील