जुन्या मोटारीचे बॉनेट उघडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी घरच्या घरी कशा जतन कराव्यात, याविषयी प्रसिद्ध झालेला लेख आस्थेने वाचला. नव्या मोटारींच्या जाहिरातींनी भरलेल्या पुरवणीत कोणाला तरी जुन्या गाडीची आठवण झाली, याबद्दल प्रथम आभार मानतो. परंतु बॉनेटखालच्या भागाविषयी त्यात दिलेला सल्ला वाचून स्वस्थ बसवेना. इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्यावे, वाळल्यावर सगळीकडे काळा रंग फवारावा आणि रबरी नळ्यांवर व पंख्याच्या पट्ट्यावर चकाकी आणणारे पॉलिश लावावे, म्हणजे दोन दिवसांत गाडी शोरूममधून आणल्यासारखी दिसते, असा त्याचा मथितार्थ आहे. दिसते हे खरे. पण त्या दोन दिवसांत गाडीचे जे नुकसान होते ते निस्तरायला दोन वर्षेही पुरत नाहीत. हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो असल्याने हा पत्रप्रपंच.

माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या आवारात उभी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट ११०० डिलाइट या नावाने तयार होई. सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने आणखी बरीच वर्षे टिकली. यांपैकी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या बातम्यांत हळहळ पुष्कळ होती, पण आमच्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यात नव्हती. टॅक्सी चालत होती तोवर तिचे सुटे भाग चालत होते आणि ते बसवणारे हातही चालत होते. आता पुण्यात नाना पेठेत चार दुकाने हिंडावी किंवा बुधवारी-रविवारी जुना बाजार पालथा घालावा, तेव्हा कोठे एखादी वस्तू हाती लागते, आणि तीही बहुधा नकली. म्हणून जे मूळ सामान गाडीवर शिल्लक आहे, ते स्वच्छतेच्या उत्साहात खराब होऊ न देणे, हेच आता सर्वांत मोठे काम आहे.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पाहा. ब्लॉक बिडाचा, त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि भोवतीचा सगळा पत्रा साध्या लोखंडाचा. एका हाताएवढ्या जागेत इतके धातू नांदत असतील, तर सर्वांना एकच औषध कसे चालेल? कॉस्टिक सोडा असलेल्या द्रावणाने बिडावरचे कीट झपाट्याने निघते हे मान्य. पण तेच द्रावण ॲल्युमिनियमला आणि जस्ताला खाते, आणि एकदा काळवंडून खरबरीत झालेला कार्बोरेटर पुन्हा पूर्ववत होत नाही. पाण्याच्या फवाऱ्याचे तसेच. डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, हॉर्नचा रिले या विजेच्या भागांपैकी काहीही आजच्या गाड्यांसारखे पाणबंद नसते. त्यांत शिरलेले पाणी उन्हात वरवर वाळते. आतल्या तांब्यावर मात्र हिरवट थर धरतो आणि तीन महिन्यांनी, नेमक्या पावसाळ्यात, गाडी घाटात बंद पडते. तेव्हा त्या धुण्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

माझी पद्धत अगदी कंटाळवाणी आहे, हे आधीच कबूल करतो. इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची ऋण बाजूची वायर प्रथम सोडवून, रंगाच्या जुन्या ब्रशाने थोडे डिझेल लावायचे, अर्धा तास थांबायचे, लाकडी चमच्याच्या दांड्याने कीट खरवडायचे आणि जुन्या सुती धोतराच्या चिंध्यांनी पुसून घ्यायचे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. ते आता सहज मिळत नाही. पेट्रोल मात्र कदापि वापरू नये. एका रविवारी वीतभर जागा झाली तरी पुरे. कीट काढत असताना ते कोठे जमले आहे याकडे लक्ष ठेवावे, कारण ते उगाच जमत नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, एकाच कोपऱ्यात ओघळ असेल तर तेथील पॅकिंग गेलेले आहे. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाच्या खाली ओलसर तपकिरी डाग असेल तर पंपाचा पडदा फाटत आला आहे. रेडिएटरच्या सांध्यावर हिरवी-पांढरी पूड असेल तर तेथे पाणी झिरपते आहे. फवाऱ्याने धुतले की हा सगळा जाबजबाब एका मिनिटात गटारात वाहून जातो. अनुभवी मिस्त्री बॉनेट उघडल्यावर आधी काही न करता नुसते पाहत का उभे राहतात, हे मला वयाच्या साठीत कळले.

रंगाविषयी माझे मत अधिक कडक आहे. मूळ रंग कोणता होता हे बाजारात विचारू नये, गाडीलाच विचारावे. बॅटरीच्या पट्टीखाली, हॉर्नच्या पट्टीमागे, माहितीच्या पाटीच्या मागे कारखान्यातला रंग जसाच्या तसा सापडतो. तेथून नमुना जुळवता येतो. जेथे गंज नाही तेथे रंग लावूच नये, मग तो कितीही फिका का दिसेना. गंज असतो तो मुख्यतः बॅटरीच्या ट्रेखाली, कारण तेथे वर्षानुवर्षे आम्ल ठिबकलेले असते. तेथे आधी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा, फेस येणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावावा, स्वच्छ पुसून पूर्ण वाळवावे आणि मगच गंज काढायला घ्यावा. आम्लावरच प्रायमर मारला तर वर्षभरात तो पापडासारखा सुटतो. घासताना पॉलिशपेपर ओला करूनच वापरावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. तसेच जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडणे किंवा हवेने उडवणे धोक्याचे आहे. हल्ली घरोघरी फवारणीसाठी सुचवला जाणारा दोन भागांचा, हार्डनर घालून वापरायचा रंग तर आवारात फवारूच नये. त्यातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असते आणि दुकानात मिळणारा साधा मास्क त्यापुढे अपुरा पडतो. ब्रशाने लावलेला साधा एनॅमल किंचित ओबडधोबड दिसला तर दिसू द्यावा. रेडिएटरवर जाड रंग चढवला तर उष्णता बाहेर पडण्यात अडथळा येतो, आणि लेखात सुचवलेले चकाकीचे पॉलिश फॅनबेल्टला लागले तर बेल्ट घसरू लागतो. मग इंजिन तापते ते वेगळेच.

इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि कंपनीची पाटी यांना तर पॉलिशपेपर लागताच कामा नये. नोंदणीचे नूतनीकरण करताना त्या क्रमांकांचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. अंक पुसट झाले असतील तर निरपराध मालकालाच संशयाला तोंड द्यावे लागते. दुसरेही एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद केली आणि त्यांच्या क्रमांकांत ‘व्हीए’ ही अक्षरे आली. तीत वाहन मूळ स्वरूपात असणे आणि त्याच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसणे अपेक्षित आहे. पद्मिनी हे नाव लावून निघालेल्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. आज हौसेने मूळ कार्बोरेटर काढून दुसऱ्या गाडीचा बसवणारे उद्या त्याच कार्बोरेटरसाठी जुना बाजार हुडकत फिरतील.

आता माझ्या फजितीविषयी. काही वर्षांपूर्वी मीदेखील असाच एक सल्ला ऐकून डाव्या बाजूचा पत्रा तासून, प्रायमर देऊन, सुरेख रंगवला होता. रंग वाळल्यावर इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी त्या नव्या रंगावरच बोल्टने आवळून टाकली. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असते, त्यामुळे स्टार्टरने घेतलेला प्रचंड प्रवाह बॅटरीकडे परत जाण्याचा मुख्य मार्ग ती पट्टीच. रंगामुळे तो बंद झाला. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नुसता कण्हला, आणि प्रवाहाने जी मिळेल ती वाट धरली. ती होती चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना डॅशबोर्डावरून ओढायची, धातूची तार. डॅशबोर्डाखालून धूर निघू लागला तेव्हा मला प्रथम वाटले की जुने वायरिंग जळाले. बॅटरी सोडवून पाहिले तर चोकच्या तारेचे आवरण वितळले होते. दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा घासून उघडी करायची, पट्टी आवळायची आणि मग वरून व्हॅसलिनचा हात फिरवायचा, इतकेच करायला हवे होते. त्या चोकच्या तारेसाठी मला अडीच महिने थांबावे लागले. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावावी, छायाचित्रे काढावीत आणि नटबोल्ट जागेप्रमाणे वेगवेगळे ठेवावेत, ही शिस्त मी त्यानंतर घेतली. यासाठी मसाल्याचा डबा फार उत्तम. घरात मात्र नवा आणावा लागतो.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, ती बाब रबरी पेट्रोल नळ्यांची. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत आले आहे. चाळीस वर्षांपूर्वीची नळी, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंगे अशा इंधनासाठी केलेली नव्हती; ती फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. बाहेरून पॉलिश केलेली नळी काळीभोर आणि ताजी दिसते, पण वाकवून पाहिली तर आतून भेगाळलेली असते, आणि तीतून ठिबकणारे पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर गाडीची राख व्हायला वेळ लागत नाही. मूळ सामान जपावे या माझ्या आग्रहाला हा एक ठाम अपवाद आहे. इथेनॉल सोसणारी, एसएई जे३० आर९ (इंधनाच्या रबरी नळ्यांचे एक मानक) असे छापलेली नळी आणि व्यवस्थित आवळणाऱ्या नव्या क्लिपा यांवर जो काही खर्च होईल तो प्रथम करावा. रंगाचे पैसे उरले तर उरले. शेजारी एक छोटे अग्निशामक नळकांडे असावे, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एक प्रश्न, जो आपल्या दैनिकाने महापालिकेपुढे मांडावा अशी विनंती आहे. घरी काम करणाऱ्याने काढलेले जुने तेल, डिझेलमध्ये भिजलेल्या चिंध्या आणि रेडिएटरमधले जुने कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांचे करायचे काय? २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. मोठे गॅरेज ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यास देऊ शकते आणि जुनी बॅटरी विक्रेता परत घेतो. परंतु दोन-चार लिटर तेल घेऊन गेलेल्या माणसाला गॅरेजवाले दारातूनच परत पाठवतात. परिणामी ते रात्री गटारात ओतले जाते आणि आमच्या भागातून थेट मुठा नदीत पोचते. कूलंटची तऱ्हा आणखी वाईट. ते चवीला गोड असते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि विषबाधेने मरतात. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस असा द्रव कचरा स्वीकारण्याची सोय झाली, तर जुन्या मोटारवाल्यांबरोबर हजारो दुचाकीस्वारांचीही सोय होईल. माझ्या गॅलरीत तेलाचे दोन आणि कूलंटचा एक असे तीन कॅन, वर तारीख लिहून, गेल्या दिवाळीपासून ठेवलेले आहेत. ते कोठे नेऊन द्यावेत, हे महापालिकेने आपल्या दैनिकातून कळवल्यास दुसऱ्याच दिवशी ते तेथे पोचते करीन.

कळावे.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे