बीचचे जंगल पाहायचे तर एप्रिलमध्ये

महोदय,

लेकीकडे, मुलाकडे जर्मनीला येणारी आपली मंडळी बहुधा जून-जुलैत येतात आणि बीच या पानझडी झाडाचे जंगल पाहून 'एकाच झाडाचे रान, खाली नुसता पाचोळा' म्हणून मोकळी होतात. थुरिंगिया या मध्य जर्मनीतील राज्यातल्या हाइनिख राष्ट्रीय उद्यानाबद्दलही हेच ऐकले, तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या मला राहवले नाही.

मे महिन्यात बीचची पालवी दाटली की खाली ऊन जेमतेम पोचते. म्हणून जमिनीलगतच्या वनस्पती त्याआधीच फुलून घेतात. आधी स्नोफ्लेक नावाचे फूल, मग पांढरे ॲनिमोन, मग रानलसूण. तिची रुंद पाने वाटेच्या दोन्ही कडांना गर्दी करतात. एक चुरडले की थेट फोडणीच आठवते! (खुडण्याचा मोह नको. राष्ट्रीय उद्यान आहे, शिवाय तशाच पानांची लिली ऑफ द व्हॅली विषारी.) जुलैपर्यंत बहुतेक सगळे जमिनीखाली कंदमुळांत गडप.

अर्थात हा थाट चुनखडीच्या जमिनीचा. आम्लधर्मी वालुकाश्मावर बीचखाली खरोखरच मोजक्या जाती दिसतात. तोड होणाऱ्या जंगलात ऊन शिरते, त्यामुळे तिथे फुलझाडांच्या जाती कधी कधी जास्तही भरतात. पण कुजणाऱ्या ओंडक्यांवरच्या बुरश्या अन् शेवाळे तिथे कुठून आणणार? 2011 मध्ये युनेस्कोने या जंगलाला जागतिक वारसा ठरवले, ते जुन्या, नैसर्गिकपणे वाढणाऱ्या बीचवनाचा नमुना म्हणून.

2018 च्या दुष्काळानंतर इथले बरेच बीच वाळले. तिथे आता काय उगवते, हे पाहण्यासारखे आहे. तिकिटे एप्रिलची काढावीत.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा (सध्या मुक्काम एरफुर्ट)